आळ लुकासवर

बर्मिंगहॅममध्ये स्थायिक झालेल्या एका वाचकाने हौसेने १९७२ची एमजीबी घेतली आहे. (आपल्याकडे आता एमजी म्हटलं की हालोलची हेक्टर डोळ्यांपुढे येते. ही एमजीबी वेगळी: १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली, पाच लाखांहून अधिक निघालेली बुटकी, देखणी स्पोर्ट्स कार.) त्यांची तक्रार अशी की हेडलाइट पिवळट पडतात आणि उजवा इंडिकेटर दिला की शेजारचा टेललाइटही मिचमिचतो. बल्ब बदलून झाले, फ्लॅशर बदलून झाला, अल्टरनेटरही नवा आला. पत्राच्या शेवटी शेरा आहे: ‘लुकासचा माल, दुसरं काय!’

जुन्या ब्रिटिश गाड्यांचं बहुतेक इलेक्ट्रिकल सामान लुकास कंपनीचं. गाडीशौकिनांनी तिला ‘अंधाराचा राजपुत्र’ ही पदवी कधीच बहाल केली आहे. इंग्रज कोमट बिअर का पितात, तर त्यांचे फ्रिज लुकासचे असतात म्हणून, हा विनोद तर घासून गुळगुळीत झालाय. पण पन्नास वर्षं दमट हवेत काढलेल्या गाडीत खरा चोर बऱ्याचदा वेगळाच असतो: अर्थिंग.

दिव्यापर्यंत करंट वायरने जातो आणि परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून; ही परतीची वाट म्हणजे अर्थिंग. त्या वाटेवर गंज, रंगाचा थर, सैल स्क्रू. अशा वेळी बल्ब बदलणं म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळ बदलण्यातला प्रकार आहे. दोन्ही हेडलाइट मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. वाटेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला तरी जवळजवळ ०.९ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो, म्हणजे एवढ्याशा तुटीत पाव उजेड गेला!

टेललाइटचं कोडं तर फारच गमतीचं. इंडिकेटरच्या बल्बमधून आलेल्या करंटला होल्डरपाशी बाहेर पडायला वाट नसते. मग तो शेजारच्या टेललाइटच्या तारेत उलटा शिरतो आणि वायरिंगमधून पलीकडच्या, अर्थिंग शाबूत असलेल्या दिव्याकडे निघून जातो. मिचमिचणारा टेललाइट बिघडलेला नाही, तो चहाडी करतोय.

हे पकडायला मल्टिमीटर लागतो, पण ओहमच्या मापावर नव्हे. त्या मापात मीटर नाममात्र करंट सोडतो, आणि एका तंतूवर लोंबकळणारी केबलही त्यात पास होते. दिवा पेटता ठेवा, व्होल्टचं माप लावा, एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरं दिव्याच्या होल्डरला टेकवा. ०.१-०.२ व्होल्ट चालतील. अर्धा व्होल्ट दिसला, की स्क्रू काढून पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासायचा. वायरींचे गोळीच्या आकाराचे पितळी जोडही उपसून साफ करायचे.

या साऱ्यामागचा नियम (करंट गुणिले अडथळा म्हणजे व्होल्टेज) ओहमचा, १८२७चा. मला मात्र इथे हेन्री कॅव्हेंडिशची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. हा विलक्षण लाजाळू इंग्रज शास्त्रज्ञ १७८१ पर्यंत याच नियमाशी पोचला होता, तेही मीटरशिवाय! वीज साठवणाऱ्या काचेच्या बरणीतला, म्हणजे लायडन जारमधला करंट तो मिठाच्या पाण्याच्या नळीतून आणि स्वतःच्या अंगातून सोडायचा आणि दोन नळ्यांचे झटके सारखे लागतात का, ते ताडून पाहायचा. छापलं मात्र काहीच नाही. ती टिपणं भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने संपादित करून १८७९ साली बाहेर आणली, तोवर ओहमचं नाव कायम झालं होतं.

आता या वाचकांना एलईडी बल्ब बसवायचा सल्ला मिळतोय. ते करंटच इतका कमी घेतात, की खराब अर्थिंगवरही झकास पेटतील; म्हणजे दुखणं झाकलं जाईल, बरं होणार नाही. शिवाय जुना फ्लॅशर करंटच्या उष्णतेवर चालणारा असेल, तर एलईडीने तो मिचकणारच नाही. पण सेल्फ स्टार्टरला शेकडो अँपिअर लागतात, तिथे काय करणार? एमजीबीचं इंजिन रबरावर बसवलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी कुजली, की तो करंट मिळेल त्या धातूतून परत जातो. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डच्या मागून धूर आला आणि चोकची केबल हाताला चटका देऊ लागली, तर नवा स्टार्टर मागवण्याआधी गाडीखाली वाकून ती पट्टी बघा.