गुन्हा, गुन्हेगार आणि विधीचा विद्यार्थी

नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालय रामदासपेठेत आहे आणि तेथून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले की थोड्याच अंतरावर मध्यवर्ती कारागृह लागते. त्याच परिसरात गुन्ह्यातील रक्त, विष, हस्ताक्षर यांची तपासणी करणारी प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, तर शहराच्या दुसऱ्या अंगाला, सिव्हिल लाइन्समध्ये, जिल्हा न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. फौजदारी न्यायाच्या या संस्था काही किलोमीटरांच्या आत असूनही विधीचा विद्यार्थी पदवी घेईपर्यंत त्यांपैकी बहुधा न्यायालयच तेवढे जवळून पाहतो, आणि या अभ्यासक्रमाची खरी उणीव तेथेच आहे.

शहराला विधिशिक्षणाचा वारसा कमी नाही. विद्यापीठ 1923 मध्ये स्थापन झाले आणि दोनच वर्षांनी त्याचे विधी महाविद्यालय सुरू झाले, जे आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. भारतीय दंडविधीवर विस्तृत भाष्यग्रंथ लिहिणारे नागपूरचे बॅरिस्टर हरिसिंह गौर पुढे या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 1968 मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला यांनी वकिली करत असतानाच या महाविद्यालयात अध्यापन केले. आणि 2019 मध्ये त्या पदावर आलेले शरद बोबडे याच विद्यापीठाचे विधी पदवीधर. अलीकडे वारंगा येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाची त्यात भर पडली आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन मार्ग विद्यार्थ्यापुढे असतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठातील पदवीसाठी ‘क्लॅट’, तर इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

या शिक्षणात गुन्ह्याची व्याख्या, त्याचे घटक, शिक्षा आणि पुराव्याचे नियम हे सारे शिकवले जाते, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता व साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने जुन्या कलमांचे पाठांतर मोडून नवे करावे लागले आहे. गुन्हेगारीशास्त्र मात्र, म्हणजे गुन्हा का घडतो, कोणाच्या हातून घडतो, समाज त्याला कसा प्रतिसाद देतो आणि शिक्षेने काय साधते याचा अभ्यास, पदवीत बहुधा ऐच्छिक विषय म्हणून येतो. दंडशास्त्र, म्हणजे शिक्षा व कारागृह यांचा विचार, आणि पीडितशास्त्र, म्हणजे गुन्हा सोसणाऱ्याचा विचार, या त्याच्याच शाखा होत.

विधी आणि गुन्हेगारीशास्त्र हे दोन अभ्यास एकमेकांवाचून किती अपुरे पडतात, हे नागपूरनेच पाहिले आहे. 13 ऑगस्ट 2004 रोजी जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, भर न्यायालयात, अक्कू यादव या आरोपीला जमावाने ठार मारले आणि त्या जमावात कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. विधीच्या दृष्टीने तो खुनाचा खटला होता आणि 2014 मध्ये सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष सोडल्यावर तो तेथे संपला. परंतु एका वस्तीला अशा माणसाची वर्षानुवर्षे दहशत सोसावी लागल्यावर पोलीस आणि न्यायालय यांच्यावरचा तिचा विश्वास कोणत्या पायऱ्यांनी ढासळतो, या प्रश्नाला निकालपत्रात जागा नसते. त्याचे उत्तर गुन्हेगारीशास्त्रालाच शोधावे लागते आणि ते वस्तीत जाऊनच शोधावे लागते.

अर्थात हे शास्त्रही निर्दोष नाही. इटालियन वैद्य चेझारे लोंब्रोसो यांनी 1876 मध्ये जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला, पण त्याच्या पाच वर्षे आधीच ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा करून संपूर्ण समूहांना जन्मानेच संशयित ठरवले होते. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला; तरीही विदर्भातल्या फासेपारधी तरुणाकडे आजही कशा नजरेने पाहिले जाते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच हा विषय शिकवावा असे वाटते.

न्यायालयात हा अभ्यास प्रत्यक्ष कामाला येतो तो परिवीक्षा अधिनियम, 1958 मुळे. परिवीक्षा म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीला तुरुंगात न धाडता, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर व देखरेखीखाली मोकळे ठेवणे. आजीवन कारावासाची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात आरोपी 21 वर्षांखालील असेल, तर त्याला कारावास देण्याआधी न्यायालयाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचारात घ्यावा, असे या कायद्यात आहे. घर, शिक्षण, मजुरी, व्यसन, संगत यांची नोंद असलेला तो अहवाल लिहिणे आणि वाचणे या दोन्ही गोष्टी शिकाव्या लागतात, आणि तो अहवाल नीट वाचू न शकणारा वकील अशिलाच्या बाजूचा मोठा आधार गमावून बसतो.

कारागृहाच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट दिसते. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 सांगते की पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे धरल्यास हा काळ एक वर्ष होतो. हिशेब सोपा असला तरी एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असल्यास ही सवलत मिळत नाही, शिवाय तारखा जुळवणारे आणि कागद हलवणारे कोणी असावे लागते. कारागृह अधीक्षकाने अर्ज करावा, असे त्याच कलमात आहे; आणि मोफत विधिसेवेच्या व्यवस्थेत लोकअभिरक्षक, म्हणजे गरीब आरोपीची बाजू मांडणारे पूर्णवेळ नेमलेले वकील, अशा बंद्यांसाठी उभे राहतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने येरवडा व नागपूर कारागृहांतील कच्च्या कैद्यांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात वकिलाच्या जोडीला समाजकार्यकर्ता ठेवला, कारण जामीन मंजूर झाल्यावर जामीनदार शोधणे, गावी निरोप पोहोचवणे, पत्ता सिद्ध करणे ही कामे युक्तिवादाने होत नाहीत.

न्यायाधीशपदाची वाटही आता बदलली आहे. मे 2025 मध्ये, नागपुरात दीर्घकाळ वकिली केलेले भूषण गवई सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही तीन वर्षे केवळ वरिष्ठांच्या कार्यालयात मसुदे लिहिण्यात घालवण्यापेक्षा काही काळ लोकअभिरक्षक कार्यालयात आणि कारागृहाच्या भेटींत गेला, तर उद्या निकाल देताना समोरच्या आरोपीच्या कोठडीतल्या एका वर्षाचा अर्थ त्या न्यायाधीशाला वेगळा सांगावा लागणार नाही.