चौकटीबाहेर राहिलेला सातपुडा

25 नोव्हेंबर 1997. शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल. सकाळ चांगली वर आलेली, आणि भर उन्हात फांदीवर एक लहानसा पिंगळा बसलेला. पक्षी अभ्यासक बेन किंग यांनी तो आधी पाहिला. सोबत पामेला रासमुसेन आणि डेव्हिड अ‍ॅबट होते. डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. 113 वर्षं ज्याची एकही खरी नोंद नव्हती तो रानपिंगळा समोर होता. त्यांनी कॅमेरे उचलले. जिवंत रानपिंगळ्याची ती पहिली चित्रं.

तो भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. पुढे सात महिन्यांनी, 1 जुलै 1998 रोजी, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. आमचा जिल्हा जन्मला तेव्हा जगभरच्या पक्षी अभ्यासकांना त्याचा पत्ता आधीच कळलेला होता.

गेली पंचवीस वर्षं मी याच डोंगरात कॅमेरा घेऊन फिरतो आहे. मागे वळून बघताना या पक्ष्याच्या कथेतली एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि ती म्हणजे ठिकाण.

1872 मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना परिसरात याचा पहिला नमुना मिळाला. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं आणि पक्ष्याला ब्लेविटचं नाव दिलं. 1880 नंतरच्या काही वर्षांत खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोद्याच्या बाजूने आणखी नमुने गोळा केले. त्यातला शेवटचा 1884 चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची जेमतेम सात कातडी होती आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी: कोणी मिळवला, केव्हा, कुठे. पक्षी मेला तरी ती चिठ्ठी त्याच्या रानाबद्दल बोलत राहायची.

रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने नेमकी तीच चिठ्ठी खोटी केली. डेव्हिडसनच्या नमुन्यांपैकी एक त्याने संग्रहालयातून चोरला, त्याची शिवण उसवून नव्याने भरला आणि 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ आपणच मिळवला असं लिहून ठेवलं. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या मातब्बरांनी या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो सापडला नाही. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी संग्रहालयातल्या कातड्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा ही लबाडी उघडी पडली. खोटं ठिकाण बाजूला सारल्यावर उरल्या त्या डेव्हिडसनच्या जुन्या नोंदी, आणि त्या नोंदींच्या मागावर किंग, रासमुसेन आणि अ‍ॅबट शहाद्याला पोचले.

पुढची वर्षं समजून घेण्याची होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या वनात या पक्ष्याचा आवाज, वीण आणि आहार अभ्यासला. हा पिंगळा दिवसा शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून शेपूट झटकत खाली नजर लावतो; सरडे, उंदीर, नाकतोडे टिपतो. झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. पुढे मेळघाटात त्याची चांगली संख्या आढळली, 2014 मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ अशी झाली. ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्या पायथ्याला तो पुन्हा सापडला, तिथलं रान मात्र आक्रसत गेलं आहे.

त्यामागे मोठं दुःख आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्रातली 33 गावं आली, ती सगळी याच डोंगरातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्या माणसांना जमीन मिळणं हा त्यांचा हक्कच होता. 1990 च्या दशकात पुनर्वसनासाठी तळोद्याच्या राखीव वनातली सुमारे 4,200 हेक्टर जमीन मोकळी केली गेली. नदी अडवली गेली डोंगराच्या एका अंगाला आणि जंगल गेलं दुसऱ्या अंगाचं. डेव्हिडसनच्या काळापासून रानपिंगळ्याचा म्हणून माहीत असलेला मुलूख तो हाच.

मी कॅमेरा घेतला तेव्हा रोलमध्ये 36 चित्रं असायची. म्हसावद सोडून सातपायरीचा घाट चढताना प्रत्येक चित्राचा हिशेब मनात चालू असे. श्रावणात तोरणमाळच्या यशवंत तलावावर धुकं उतरायचं, सीताखाईत पाणी कोसळायचं; फाल्गुनात साग उघडा पडून डोंगराच्या बरगड्या दिसायच्या. मग डिजिटल आलं, लांब पल्ल्याची भिंगं आली. पक्षी जवळ आला आणि जंगल लांब गेलं. डोळ्यातला पिवळा रंग, नख्यांची वळणं स्पष्ट यावीत म्हणून मी मागचं सगळं धूसर करत गेलो.

काही वर्षांपूर्वी एका वनरक्षकाला माझी चित्रं दाखवत होतो. वाटेवरचे सगळे नाले त्यांना तोंडपाठ. त्यांनी एका चित्रावर बोट ठेवून विचारलं, “भाऊ, हे कुठल्या नाल्याचं?” चित्रात नालाच नव्हता. सागाचं एक पानही ओळखू येत नव्हतं. तारीख आणि जागा मला वहीत शोधावी लागली. त्या रात्री जुन्या स्लाइडचे डबे उघडले. त्यांतल्या रुंद चित्रांत पक्षी नखाएवढा होता, पण उतार दिसत होता, मोह दिसत होता, कुठवर झाडं आहेत आणि कुठून शेत सुरू होतं ते दिसत होतं. आज त्या उतारावर काय उरलं आहे हे ताडून बघायला हीच चित्रं कामाची आहेत.

तेव्हापासून मी जवळचं एक चित्र काढलं की रुंद दोन काढतो, आणि तारीख, घाट, नाला लिहून ठेवतो. ढोलीच्या जवळ जात नाही, आवाज वाजवून पक्षी बोलावत नाही, ढोलीचं झाड चारचौघांत सांगत नाही. ती नोंद वनखात्याला आणि अभ्यासकांना देतो. चिठ्ठी खरी ठेवणं आणि ती योग्य हातात देणं, दोन्ही छायाचित्रकाराचं काम आहे.

सातपुड्यात नव्याने येणाऱ्या तरुण मुलामुलींना माझं मनापासून सांगणं आहे: पिंगळा दिसला की चित्र जरूर काढा. मग हळूच चार पावलं मागे या, भिंग बदला आणि तो बसला आहे ती फांदी, ते झाड, तो अख्खा उतार चौकटीत घ्या. शंभर वर्षांनी कोणी त्याच्या शोधात निघालं, तर त्याला तीच चिठ्ठी वाट दाखवेल.