जोह्यातील कारखाना आणि संशोधनाच्या दोन पद्धती

गणेशमूर्तीसाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरावे की शाडू माती, हा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्राचा वाटतो. परंतु रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर आणि आसपासच्या गावांत तो रोजगाराचा, कर्जाचा, हवामानाचा आणि श्रद्धेचाही प्रश्न आहे, आणि म्हणूनच ज्ञानाच्या निरनिराळ्या शाखा एकाच गोष्टीचा शोध कसा घेतात हे समजून घेण्यास जोह्याइतके अनुरूप ठिकाण क्वचितच सापडेल. पनवेल-रोहे लोहमार्गावरील हमरापूर स्थानकाच्या परिसरातील या गावांत मूर्तिकाम वर्षभर चालते, मूर्तिशाळेला येथे कारखाना म्हणतात, आणि येथून रंगवलेल्या मूर्तींबरोबरच न रंगवलेल्या, म्हणजे कच्च्या मूर्तीही मोठ्या संख्येने बाहेरगावच्या मूर्तिकारांकडे जातात.

कारखान्यात प्लास्टरचे काम पाहताना सर्वांत आधी लक्षात येते ती वेळेची निकड. जिप्सम हे खनिज सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवले की त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते आणि उरते ती प्लास्टरची भुकटी. तिच्यात पाणी कालवले की गेलेले पाणी परत घेऊन ती काही मिनिटांतच पुन्हा जिप्सम होते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते, जी साच्यावर हात ठेवणाऱ्याला जाणवते. कारागिराच्या हाती असतात ती एवढीच मिनिटे. तेवढ्यात तो पातळ प्लास्टर रबरी साच्यात ओततो, साचा फिरवून ते सोंडेच्या टोकापर्यंत आणि बोटांच्या फटींपर्यंत पोहोचवतो, आतून काथ्याचा आधार देत दुसरा थर चढवतो आणि जमल्यावर रबर हातमोज्यासारखे सोलून काढतो. प्लास्टर जमताना किंचित फुगते, त्यामुळे मुकुटावरील बारीक नक्षीही स्वच्छ उमटते. मूर्ती आतून पोकळ, हलकी आणि कठीण होते, आणि साचा लगेच पुढच्या मूर्तीसाठी मोकळा होतो.

शाडूचे वर्तन नेमके उलट आहे. भिजवून मळलेल्या मातीचे थर बोटांनी साच्यात दाबावे लागतात. ही माती रासायनिक क्रियेने जमत नाही, तर पाणी उडून जाऊन वाळते, आणि वाळताना आकसते. एका भागातील पाणी दुसऱ्या भागाच्या आधी उडाले की तडा जातो, म्हणून मूर्ती सावलीत आणि सावकाश वाळवावी लागते. मागणीचा जोर असतो ते आषाढ-श्रावणाचे दिवस कोकणात हवेत सर्वाधिक ओलावा असण्याचे असतात. एक पदार्थ फुगतो आणि दुसरा आकसतो, एवढ्या एका भौतिक फरकातून जागा, मजुरी, वाहतूक आणि तूटफूट यांचे संपूर्ण गणित बदलते, ही गोष्ट कारागीर कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतो.

विसर्जनानंतर मूर्तीचे पाण्यात काय होते, याचा शोध मात्र प्रयोगशाळा घेते. प्रयोगशाळेतील प्रयोगाचे बळ असे की, ज्या घटकाचा परिणाम पाहायचा तो एकच बदलला जातो आणि बाकीचे बदलू शकणारे घटक, ज्यांना संशोधनाच्या परिभाषेत चल म्हणतात, स्थिर ठेवले जातात. जमलेले प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि एक लिटर शुद्ध पाण्यात जिप्सम दोन ते अडीच ग्रॅमच विरघळते. म्हणजे 20 लिटर पाण्याच्या बादलीत बुडवलेल्या मूर्तीचे फार तर 50 ग्रॅम द्रव्य विरघळेल आणि पाणी संपृक्त झाल्यावर पुढे काहीच घडणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर जो मार्ग काढला त्यात अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात जिप्समचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट यांत होते. पहिला पदार्थ पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो, दुसरा पाण्यात राहतो आणि खत म्हणून वापरता येतो. पुणे महानगरपालिकेने घरगुती विसर्जनासाठी हे रसायन नागरिकांना उपलब्ध करून दिले. उत्तर बिनचूक आहे, मात्र ते आपल्या अटींसह येते. समीकरणाप्रमाणे 172 ग्रॅम जिप्समसाठी 158 ग्रॅम अमोनियम बायकार्बोनेट लागते, म्हणजे मूर्तीच्या वजनाच्या जवळपास तितकेच, आणि म्हणून देव्हाऱ्यातील मूर्तीला सोयीचा असलेला हा उपाय मंडळाच्या उंच मूर्तीला तसाच लावता येत नाही. शिवाय शाडू पाण्यात विरघळते ही समजूतही काचपात्रापुढे टिकत नाही. ती केवळ सुटी होते आणि गाळ होऊन तळाशी बसते.

काचपात्रातून तलावाकडे गेले की चल स्थिर ठेवण्याची सोय संपते. हैदराबादच्या हुसेनसागरात गणेश विसर्जनाचा पाण्याच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम तपासणारा अभ्यास 2001 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु अशा जलाशयात पाऊस आणि शहराचे सांडपाणीही येत असते, तेव्हा मोजलेल्या बदलातील किती वाटा मूर्तींचा, किती रंगांचा आणि किती इतर प्रवाहांचा, हे वेगळे काढणे फार कठीण असते. येथे दुसरी पद्धत उपयोगी पडते. व्यष्टी अध्ययन, म्हणजेच केस स्टडी, या पद्धतीत एक गाव, एक संस्था किंवा एक घटना तिच्या सर्व परिस्थितीसह, काहीही वेगळे न काढता, दीर्घकाळ आणि अनेक प्रकारच्या पुराव्यांनिशी अभ्यासली जाते. महाराष्ट्रात या पद्धतीचा एक मोठा आरंभ एका रसायनशास्त्रज्ञानेच केला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावातील जमीन, कर्ज आणि कुटुंबांची मिळकत यांचा जो तपशीलवार अभ्यास केला, तो 1917 साली प्रसिद्ध झाला. मातीचे पृथक्करण करणाऱ्या या माणसाला त्या मातीवर जगणाऱ्यांचा हिशेबही मांडावासा वाटला.

एका गावाचे निष्कर्ष दुसऱ्या गावाला कसे लागू होतील, हा या पद्धतीवरचा नेहमीचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. परंतु व्यष्टी अध्ययन शेकडेवारी देण्यासाठी नसतेच, कारणांची साखळी उलगडण्यासाठी असते. जिथे शेकडेवारीच हवी असेल तिथे गावांमध्येही प्रयोग करता येतो, हे अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दाखवले. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या योजनेची तुलना 39 गावे विरुद्ध 47 नियंत्रण गावे, म्हणजे जिथे ही योजना राबवलेली नव्हती अशी गावे, या रीतीने झाली आणि निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

जोह्याच्या वाट्याला मात्र बराच काळ पहिल्या पद्धतीचेच निष्कर्ष आले, तेही नियमांच्या रूपाने. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वांद्वारे प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. पुढे राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आल्यानंतर, 9 जून 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनाला सरसकट परवानगी दिली नाही. मूर्ती घडवणे आणि ती विसर्जित करणे हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे या आदेशात मान्य झाले, आणि ते योग्यच झाले. प्लास्टर पाण्यात फारच थोडे विरघळते हे प्रयोगशाळेने निर्विवाद सिद्ध केले आहे. पण शाडूकडे वळणाऱ्या कारखान्याला किती जास्त जागा लागेल, पावसाळ्यात किती मूर्तींना तडे जातील, घासकाम आणि रंगकाम करणाऱ्या स्त्रियांची मजुरी वाढेल की घटेल, आणि हंगामाआधी घेतलेले कर्ज गणेश चतुर्थीनंतर फिटेल की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर काचपात्रात मिळणार नाही.

ही उत्तरे मिळवण्यासाठी फार मोठा खटाटोप लागत नाही. एकाच कारखान्यात, त्याच कारागिरांच्या हातून, त्याच आकाराच्या प्लास्टरच्या आणि शाडूच्या मूर्ती घडवून वजन, वाळण्याचा काळ, हवेतील आर्द्रता, तूट आणि खर्च यांची हंगामभर नोंद ठेवली, तर प्रयोगाची शिस्त आणि व्यष्टी अध्ययनाचा तपशील दोन्ही हाती येतात. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन कारखाने निवडले तर तुलनाही होते. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र विभागांनी हे काम एकत्र हाती घ्यावे, आणि त्याचा मराठी अहवाल आधी जोह्याच्या मूर्तिकारांच्या हाती द्यावा.