मळीत सोडलेली साखर

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी-अंबड पट्ट्यात, एका सहकारी साखर कारखान्याच्या पॅन-मजल्यावर रात्रपाळी चालू होती. पॅनमधला रस घट्ट होत आला की पॅनमन थोडा नमुना काचेच्या पट्टीवर घेतो, दिव्यासमोर धरतो, दाणा बघतो. या माणसाचं कसब वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवर जोखलं गेलं: मळीत साखर किती कमी सुटली. तीन वेळा शिजवून, तीन वेळा सेंट्रिफ्यूगलमध्ये फिरवून उरणारी ‘सी’ मळी जितकी निकस, तितका तो हुशार. आता दुसऱ्या फेरीनंतरच हात आवरायचा. निघणारा साखरेचा दाणा मुद्दाम मळीत ठेवायचा आणि ती ‘बी हेवी’ मळी डिस्टिलरीकडे सोडायची. टनाला सुमारे 300 लिटर इथेनॉल निघतं. ‘सी’ मळीतून 225 च्या आसपास.

कारण सरळ आहे. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, 2018-19 मध्ये क्विंटलला 275 रुपये होता, 2025-26 साठी तो 355 झाला. साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला आणि पुढची कित्येक वर्षं तिथेच राहिला. नुसत्या साखरेवर उसाचं बिल भागत नाही. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज करायची, मळीचं इथेनॉल, प्रेसमडचं (रस गाळून उरलेल्या गाळाचं) खत किंवा गॅस. एके काळी जे उरायचं, त्यावर आता कारखाना तगतो.

डिस्टिलरीत यीस्ट घातलेली मळी टाक्यांमध्ये दीड-एक दिवस फसफसते. ऊर्ध्वपातनातून 95 टक्क्यांचं स्पिरिट निघतं. त्यापुढचं पाणी उकळून जात नाही, ते रेणू-चाळणीच्या मण्यांनी शोषून घ्यावं लागतं.

पण या सगळ्याचं मूळ ऊसच, आणि ऊस जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. पाणी आटलं की साखर, वीज, इथेनॉल एकदमच थांबतात. 2023 मध्ये पाऊस कमी झाल्यावर डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला भर हंगामात बंदी घातली. आठवड्याभरात ती मर्यादा घालून सैल केली, पण नियोजन विस्कटलं ते विस्कटलंच. रामनगरचा जालना सहकारी साखर कारखाना तर त्याआधीच बंद पडून लिलावात गेला होता. सहकारी कारखान्यांत सरकारी भागभांडवल असतं, म्हणजे जनतेचा पैसा. तो असा बुडू देणं मला मान्य नाही.

यावर एक वाट आहे. मार्च 2025 मध्ये केंद्राने सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मक्यावरही चालाव्यात म्हणून व्याज सवलत जाहीर केली. मका जिल्ह्यातल्याच भोकरदन-जाफराबादेत मुबलक पिकतो. तो दळून, शिजवून, विकरांनी आधी त्याची साखर करावी लागते. हे काम पॅनवरच्या कामापेक्षा वेगळं आहे. ते शिकवायला उन्हाळ्यात घरी बसणाऱ्या हंगामी कामगारांपासून सुरुवात करावी. त्यांना बारमाही पगार मिळेल आणि जिल्ह्याचा मका जिल्ह्यातच विकला जाईल.