पूर्वेकडील परचक्र : लेखांक 6 – अंदमानचा ध्वज आणि अंदमानचे ठाणे

14 जुलै 1942 रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने जो ठराव संमत केला, आणि ज्याच्या पाठोपाठ महिन्याभरातच मुंबईचा 'चले जाव' ठराव होऊन आमच्या मध्यप्रांतात चिमूर-आष्टीचा रक्तपात घडला, त्या ठरावात ब्रिटिश सत्तेने निघून जावे या मागणीबरोबरच, मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेश यांच्या वाट्यास आलेला अनुभव हिंदुस्थानास येऊ नये, अशी चिंताही स्पष्टपणे नमूद केलेली होती. चिंता रास्तच होती. परंतु हिंदुस्थान सरकारच्या थेट अखत्यारीतील एक मुलूख त्याच वेळी जवळजवळ चार महिने जपानी अंमलाखाली गेलेला असताना, या तीन नावांच्या पंक्तीस चौथे नाव बसले नाही.

ते नाव अंदमानचे. मराठी वाचकास त्याची ओळख करून देण्याचे कारण नाही असे वाटते खरे. पण आपली ही ओळख कोलू, काथ्या आणि सावरकर बंधूंची कोठडी यांच्यापाशीच थांबते. विनायकराव 1921 मध्ये स्वदेशाच्या तुरुंगात आले, उरलेले राजबंदी 1938 पर्यंत परतले, आणि त्यानंतर त्या बेटांवर कोण राहते, काय खाते, कोणाच्या हुकुमाने जगते याची विचारपूस करण्याचे आपणांस प्रयोजन उरले नाही. राहत होते ते मुख्यतः जुन्या कैद्यांचे वंशज, थोडे कामगार आणि सरकारी नोकर. म्हणजे ज्यांच्यासाठी कोणी सभा भरवीत नाही अशी माणसे.

सिंगापूर पडले 15 फेब्रुवारी 1942 रोजी, रंगून गेले 8 मार्चला. त्यानंतर अंदमान राखणे अशक्य जाणून इंग्रजांनी तेथील गुरखा तुकडी आराकानकडे हलविली आणि 23 मार्च रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले ते एकही गोळी न झेलता. मुख्य आयुक्त वॉटरफॉल कैद झाले. त्यांच्या हाताखालील मेजर बर्ड यांचा हेरगिरीच्या आरोपावरून सर्वांदेखत शिरच्छेद करण्यात आला. गोऱ्या साहेबाचा असा शेवट पाहून काहींना आरंभी समाधान वाटले असेल, तर त्याबद्दल आज घरबसल्या त्यांना दोष देणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. पूर्व आशियातील हिंदी लोकांच्या इंडियन इंडिपेंडन्स लीगची शाखा तेथे निघाली, आणि तिचे नेतृत्व करणारे डॉक्टर दिवाणसिंग हे पेशाने वैद्य, वृत्तीने पंजाबी कवी आणि लोकांच्या विश्वासातले गृहस्थ होते.

पण जानेवारी 1943 पासून डेनिस मॅकार्थी, जे पूर्वी याच बेटांवर पोलीस अधिकारी होते, पाणबुडीने गुपचूप उतरून जंगलातून बातम्या काढू लागले; जपानी जहाजे बुडू लागली. खरा हेर रानात असल्यामुळे हाती लागेना, तेव्हा हाती लागतील ते हेर ठरले. दुकानदार, कारकून, शिक्षक यांना सेल्युलर तुरुंगात डांबून, जाबजबाबाच्या नावाखाली अमानुष छळ करून, त्यांच्या तोंडून इतरांची नावे वदविण्यात आली, आणि 1943 च्या उत्तरार्धात ही साखळी दिवाणसिंगांपर्यंत जाऊन पोहोचली.

याच सुमारास दूर टोकियोमध्ये वेगळाच व्यवहार चालला होता. 21 ऑक्टोबर 1943 रोजी सिंगापूरला स्थापन झालेल्या सुभाषबाबूंच्या आझाद हिंद सरकारात मंत्री होते, फौज होती, सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले यांच्यासारखे कसलेले सेनाधिकारी होते. नव्हती ती फक्त भूमी. नोव्हेंबरमध्ये पूर्व आशियाच्या परिषदेत जपानचे पंतप्रधान तोजो यांनी अंदमान-निकोबार या सरकारच्या स्वाधीन करण्याचे जाहीर केले. सुभाषबाबू 29 डिसेंबरला पोर्ट ब्लेअरला आले, 30 तारखेस जिमखाना मैदानावर त्यांनी ध्वज उभारला, आणि बेटांना शहीद व स्वराज्य ही नावे योजिली गेली. त्यांच्या सभोवार जपानी अधिकाऱ्यांचे कडे होते. त्यांना तुरुंगाची इमारत दाखविण्यात आली, त्यात कोंडलेली माणसे नव्हे. आणि त्या माणसांत दिवाणसिंग होते. ते 14 जानेवारी 1944 रोजी छळाने मरण पावले. 30 जानेवारीस, म्हणजे ध्वजारोहणास नेमका महिना लोटल्यावर, हम्फ्रीगंज येथे चव्वेचाळीस हिंदी माणसांना हेर ठरवून गोळ्या घालण्यात आल्या.

सुभाषबाबूंना हे ठाऊक होते काय, हा वाद पुष्कळ झालेला आहे आणि त्यात शिरून निकाल देण्याइतका पुरावा मला दिसत नाही. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो हस्तांतराचा मसुदा. बेटांचा कारभार जपानी नौदलाच्या हाती होता, बंगालच्या उपसागरातील ते त्यांचे नाके होते, आणि युद्ध चालू असता असे नाके दुसऱ्याच्या दफ्तरी जमा करण्याचा नौदलाचा इरादा कधीच नव्हता. फेब्रुवारीत शासक म्हणून आलेले लोकनाथन, भोसल्यांचे मंत्रिमंडळातील सहकारी आणि मूळचे लष्करी डॉक्टर, यांनी पोलीस खाते मागितले, ते मिळेना. पोलिसांवाचून इतर खाती घेण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी ती नाकारली, आणि सरतेशेवटी शिक्षणखाते तेवढे सांभाळले. ज्या मुलखात रात्री कोणाच्या दारावर थाप पडावी हे दुसराच ठरवितो, तेथे शाळा चालविणाऱ्यास शासक म्हणणे ही सनदेतली शोभा होय. लोकनाथन काही महिन्यांनी सिंगापूरला परतले. त्यांच्या नकाराला मी या प्रकरणातले सर्वांत स्वच्छ कृत्य मानतो.

1945 मध्ये दोस्तांच्या नाकेबंदीमुळे तांदूळ येईनासा झाला, तेव्हा जपान्यांनी खाणारी तोंडे कमी करण्याचा मार्ग पत्करला. ऑगस्टमध्ये शेतीच्या मिषाने शेकडो लोकांना होड्यांत भरून हॅवलॉक बेटाकडे नेले आणि किनाऱ्यापाशी समुद्रात ढकलून दिले. जे पोहून जमिनीस लागले तेही बहुतेक उपासमारीने गेले.

ऑक्टोबर 1945 मध्ये त्याच जिमखाना मैदानावर जपानी सेनापतींनी शरणागती लिहून दिली. काही अधिकाऱ्यांवर पुढे सिंगापूरला खटले चालले. इंग्रजांनी काळ्या पाण्याची वसाहत कायमची मोडून कैद्यांना मोकळे केले; जी गोष्ट अर्ज-विनंत्यांच्या आणि उपोषणांच्या अनेक वर्षांत पुरती साधली नाही, ती या परचक्राच्या उलथापालथीत साधली. सेल्युलर तुरुंगाचे सात हात होते, त्यांतले दोन जपान्यांनी पाडले होते. बेटवासीयांकडून सक्तीने राबवून जी धावपट्टी त्यांनी बांधून घेतली, तिच्यातून वाढलेला पोर्ट ब्लेअरचा विमानतळ आज वीर सावरकरांच्या नावाने ओळखला जातो, आणि हॅवलॉक बेट 2018 पासून स्वराज द्वीप झाले आहे. नामकरणाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या किनाऱ्यावर जाणाऱ्या नागपूरच्या सहलकऱ्यास तेथे ऑगस्ट 1945 मध्ये काय घडले हे सांगणारा एखादा फलक वाटेत भेटावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

ब्रह्मदेशात मात्र बा मॉ यांच्या सरकारास ऑगस्ट 1943 मध्येच स्वातंत्र्याची सनद मिळाली होती, आणि त्याच सरकारच्या ब्रह्मी फौजेने मार्च 1945 मध्ये आपल्या बंदुका जपान्यांवर फिरविल्या. तो वृत्तांत पुढील आठवड्यात.