संगणकाचा मॉनिटर : दुरुस्ती व बदली

संगणकाने तयार केलेली अक्षरे व चित्रे पडद्यावर दाखविणाऱ्या उपकरणास मॉनिटर म्हणतात. तो बंद पडल्यास दुरुस्त करावा की त्या जागी नवा घ्यावा, हा प्रश्न वरवर किमतीचा वाटतो. प्रत्यक्षात तो प्रथम बिघाडाच्या जागेचा आहे. मॉनिटरमधील काही भाग अत्यल्प खर्चात बदलता येतात, तर काहींची किंमत नव्या मॉनिटरच्या जवळपास जाते. बिघाड कोठे आहे हे कळण्यापूर्वी घेतलेला निर्णय त्यामुळे बहुधा चुकीचा ठरतो.

रचना : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत भारतातील घरांत व कार्यालयांत ऋण किरण नलिकेचे जड मॉनिटर सर्रास दिसत. त्यानंतर त्यांची जागा द्रव स्फटिकांच्या चपट्या मॉनिटरांनी घेतली. चपट्या मॉनिटरचे स्थूलमानाने चार भाग पडतात : घरगुती विजेचे कमी दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे पॉवर बोर्ड, संगणकाकडून आलेले संकेत पडद्यास समजतील अशा रूपात आणणारे मेन बोर्ड, चित्र उमटविणारे द्रव स्फटिकांचे पॅनेल आणि त्यामागील प्रकाशयोजना. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा सोडतात. जुन्या चपट्या मॉनिटरांत या प्रकाशासाठी पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाइट असत व त्यांना अनेक शे व्होल्ट दाब लागे. पुढे त्यांच्या जागी प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजे एलईडी, आले.

बिघाडाची ओळख : मॉनिटर उघडण्यापूर्वी केबल बदलून पाहणे व तो दुसऱ्या संगणकास जोडून पाहणे आवश्यक असते. ही साधी परीक्षा वगळल्यामुळे निर्दोष मॉनिटर दुकानात नेले जातात. पडदा काळा असून दिवाही लागत नसल्यास दोष पॉवर बोर्डात असण्याचा संभव अधिक. चित्र क्षणभर उमटून नाहीसे होत असेल, तर अंधारात विजेरीचा झोत पडद्यावर तिरपा टाकावा. त्या झोतात फिकट चित्र दिसले, तर पॅनेल व मेन बोर्ड ठीक असून दोष मागील प्रकाशयोजनेत किंवा तिला वीज पुरविणाऱ्या मंडलात आहे, असे अनुमान निघते.

पॉवर बोर्डातील सर्वांत दुबळा घटक म्हणजे विद्युत् विच्छेद्य असलेले धारित्र. दुकानात त्याला कपॅसिटर म्हणतात. उष्णतेने त्यातील द्रव सुकतो, माथा फुगतो व कधी द्रव बाहेर झिरपतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष धारित्रे जगभरच्या अनेक संगणकीय उपकरणांत बसविली गेली आणि ती अल्पावधीत निकामी झाली. धारित्राचे तापमान १०° से. ने कमी ठेवल्यास त्याचे आयुष्य सु. दुप्पट होते, म्हणून मॉनिटरच्या पाठीवरील झरोके कापडाने झाकू नयेत. ही धारित्रे काही रुपयांपासून काही दशक रुपयांपर्यंत मिळतात. खर्च मुख्यतः मजुरीचा असतो. अशा वेळी मॉनिटर टाकून देणे हे निव्वळ नुकसान होय.

याउलट पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरला असेल किंवा तडा गेला असेल, तर पॅनेल फुटले आहे. वरपासून खालपर्यंत सरळ रंगीत रेषा कायम दिसत असतील, तर पॅनेलच्या कडेला चिकटविलेली सूक्ष्म जोडणी बहुधा सुटलेली असते. ती साध्या डाखकामाने जोडता येत नाही. येथे बदलीचाच विचार योग्य.

धोका : विजेची पिन काढली तरी पॉवर बोर्डातील मोठे धारित्र काही काळ भारित राहते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याचा दाब सु. ३२५ व्होल्ट असतो. रंगीत ऋण किरण नलिकेतील दाब तर सु. २५,००० व्होल्टपर्यंत जातो व नलिका तो धरून ठेवू शकते. थोड्या पैशांच्या बचतीसाठी अननुभवी माणसाने मॉनिटर उघडणे म्हणूनच अनुचित ठरते.

स्थानिक परिस्थिती : निर्णयावर स्थळाचाही परिणाम होतो. कळवा (जि. ठाणे) ही वस्ती ठाणे खाडीच्या पूर्वेस, मध्य रेल्वेवरील ठाण्याच्या पुढचे स्थानक आहे. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत जोडण्या व तांब्याचे पट्टे गंजतात. पावसाळाभर बंद ठेवलेले उपकरण यामुळे अधिक बिघडते. अधूनमधून ते काही वेळ चालू ठेवल्यास आतील उबेने ओल कमी होते. सुट्या भागांची मोठी बाजारपेठ मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजेच जुन्या लॅमिंग्टन रोडवर, आहे. कळव्याच्या कारागिरास एका लहान भागासाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठावे लागले, तर त्याचा अर्धा दिवस मोडतो. ग्राहकाला महाग वाटणाऱ्या मजुरीत हा अर्धा दिवसही असतो.

खर्चाचा हिशेब : दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या निम्म्या किमतीपेक्षा अधिक असल्यास नवा घ्यावा, असा ढोबळ संकेत व्यवहारात रूढ आहे. तो उपयुक्त असला, तरी अपुरा आहे. नव्या मॉनिटरवर बहुधा तीन वर्षांची हमी असते, तर दुरुस्तीवर काही महिन्यांचीच. हमीच्या मुदतीत मात्र बाहेर दुरुस्ती करू नये. विजेचाही विचार करावा लागतो. ऋण किरण नलिकेचा ४३ सेंमी. मॉनिटर सु. ७५ वॉट, तर एलईडीचा तेवढाच किंवा मोठा मॉनिटर सु. २५ वॉट शक्ती घेतो. रोज ८ तास व वर्षाचे ३०० दिवस वापर धरल्यास १२० युनिटांची बचत होते. युनिटला ८ रु. दर धरला, तर ती ९६० रु. भरते. जुन्या नलिकेच्या मॉनिटरवर खर्च न करण्यास हे कारण पुरेसे आहे. दोन चपट्या मॉनिटरांत मात्र वापरातील वीज फारशी वेगळी नसल्याने हा मुद्दा गौण ठरतो, आणि निर्मितीसाठी खर्ची पडणाऱ्या साधनांचा विचार पुढे येतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासानुसार एक संगणक व त्याचा ४३ सेंमी. मॉनिटर बनविण्यास किमान २४० किग्रॅ. जीवाश्म इंधन, २२ किग्रॅ. रसायने व १,५०० किग्रॅ. पाणी लागत असे.

विल्हेवाट : ऋण किरण नलिकेच्या नरसाळ्याच्या काचेत शिसे आणि जुन्या चपट्या मॉनिटरच्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. भारतात ई-कचऱ्यासंबंधीचे नियम प्रथम २०११ मध्ये करण्यात येऊन १ मे २०१२ पासून अमलात आले. २०१६ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी व १ एप्रिल २०२३ पासून २०२२ च्या नियमांनी घेतली. मोठ्या ग्राहकांनी असा कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनश्चक्रण करणारा यांनाच द्यावा, असे बंधन त्यांत आहे. घरगुती ग्राहकाच्या दारी मात्र भंगारवाला येतो आणि रोख पैसे देतो; तांब्यासाठी नलिका फोडली, की शिशाची काच उघड्यावर राहते. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ सुरू केले.

सामान्य मॉनिटरमध्ये संगणकातील माहिती साठविली जात नाही, त्यामुळे तो दुसऱ्याच्या हाती देण्यास हरकत नसते. पॅनेल फुटलेला मॉनिटरही कारागिराच्या उपयोगी पडतो. त्यातील चांगले पॉवर बोर्ड त्याच नमुन्याच्या दुसऱ्या मॉनिटरमध्ये बसविता येते.