मिग ते तेजस : सौदा इंजिनाचा

लढाऊ विमानांवरचे आपल्याकडचे बहुतेक लेख वेग, पल्ला आणि क्षेपणास्त्रांच्या तक्त्यांत अडकतात. मी मात्र वर्षानुवर्षे एकच सांगत आलो आहे : कोणतं विमान घ्यायचं हे आधी शेजारी ठरवतो, मग महासत्ता. आणि घेतल्यावर आपला हात किती मोकळा राहतो, ते इंजिन ठरवतं.

अमेरिकेने १९६१मध्ये पाकिस्तानला स्टारफायटर दिली आणि आपण सोव्हिएत मिग-२१कडे वळलो. ऑगस्ट १९६२चा करार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारकिर्दीतला, म्हणून सगळं श्रेय त्यांना देणारे अभ्यासक आहेत. मला ते मुळीच पटत नाही. चीनच्या युद्धात संरक्षण खातं हाती आलेल्या यशवंतराव चव्हाणांनी तो करार जमिनीवर उतरवला. मे १९६४मध्ये ते अमेरिकेला गेले. स्टारफायटर काही मिळाली नाही. नेहरूंच्या निधनामुळे दौरा अर्धाच राहिला. त्याच वर्षी मॉस्कोला जाऊन ते मिगच्या कारखान्यांचं पक्कं करून आले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, इंजिन ओडिशात कोरापुटला. नाशिकनेच त्यांना १९६३मध्ये बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं, त्यामुळे नाशिककर ओझरचं कौतुक करतात ते रास्तच. माझ्या लेखी मात्र या सौद्यातली खरी कमाई कोरापुट.

१९६५च्या युद्धात अमेरिकेने शस्त्रपुरवठा थांबवला, तेव्हा पाकिस्तानला चिनी एफ-६ घ्यावी लागली. पुढे त्यांची एफ-१६, आपली मिराज आणि मिग-२९. मग १२६ विमानांची निविदा आणि अखेर ३६ राफेल. तो पाढा पुन्हा वाचत नाही.

१९७८ साल मात्र विसरू नये. स्वीडनचं व्हिगेन आपल्याला मिळू शकलं असतं, पण त्याचं इंजिन मूळ अमेरिकी, आणि अमेरिकेने परवानगी नाकारली. आपण ब्रिटनकडून जग्वार घेतली. त्याच वर्षी अमेरिकेने अणुप्रसारबंदीचा कायदा केला आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या इंधनाचं घोडं अडलं. अमेरिकेशी झालेल्या १९६३च्या करारात तीस वर्षांच्या इंधनाची हमी होती. तरीही १९८२मध्ये फ्रान्सकडे जावं लागलं. सफाळ्याहून तारापूरजवळच्या बोईसरला कामावर जाणारी आमची माणसं तेव्हा गाडीत युरेनियमवर तावातावाने बोलत. परक्याच्या इंधनावर चालणारी भट्टी म्हणजे काय, हे या पट्ट्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडमध्ये मिग-२१ निवृत्त झालं. पुढच्याच महिन्यात ओझरहून तेजस मार्क-१ए उडालं, त्याचा आनंद मोठा. पण त्यातलं एफ-४०४ इंजिन जनरल इलेक्ट्रिकच्याच घराण्यातलं, तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उभारणाऱ्या. ती इंजिनं वेळेवर आली नाहीत आणि तयार विमानं इंजिनाविना खोळंबली. १९८९ साली मंजूर झालेलं आपलं कावेरी इंजिन तेजसला बसू शकलं नाही. संरक्षण मंत्र्यांच्या पत्रकार परिषदांत पूर्वी सुट्या भागांवर, भट्टीत तापणाऱ्या पात्यांच्या धातूवर प्रश्न विचारणारे वार्ताहर असत. आता वाहिन्यांवर कोणतं विमान कोणाला पाडील यावरच रात्र सरते, आणि कावेरीचं काय झालं हे कोणी विचारत नाही.